बोर्डावर नाव लिहून माणूस हलत नाही

नव्यानं सुपरवायझर झालेली पोरं-पोरी भेटली की हमखास एकच विचारतात, "मॅडम, माणसं कामाला लावायची कशी?" मी म्हणते, भिंतीवरचा तो बोर्ड आधी काढ. मग बोलू.

बोर्डाचं मला कळतं, कारण मी स्वतः तो लावला होता.

मी शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत कोअर शॉप बघते. २००३ साली हेल्पर म्हणून लागले. कसबा बावड्यातून तेव्हा सायकल, आता स्कूटर. ज्यांना फाउंड्री माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी: लोखंडाच्या भागाला आतून पोकळी हवी असेल तर त्या पोकळीच्या आकाराचा वाळूचा ठोकळा साच्यात ठेवतात आणि भोवतीनं रस ओततात. थंड झाल्यावर वाळू झटकली की पोकळी राहते. तो वाळूचा ठोकळा म्हणजे कोअर. आमच्याकडं राळ लावलेली वाळू तापलेल्या पेटीत मारून कोअर भाजतात, मग बायका त्याच्या कडा कानशीनं घासतात, दोन अर्धे असतील तर चिकटवतात, काळं कोटिंग देतात आणि तपासून ट्रॉलीत लावतात. चौदा बायका, पाच मशीन ऑपरेटर आणि मी.

सुपरवायझरचं काम हातात आलं तेव्हा पहिल्याच महिन्यात मी पांढरा बोर्ड आणला. प्रत्येकीचं नाव, पुढं आकडा, सगळ्यात जास्त कोअर करणारीला लाल चांदणी आणि महिनाअखेरीला स्टीलचा डबा. पहिल्या आठवड्यात माल वाढला. मी खूश, साहेब खूश. तिसऱ्या आठवड्यात मोल्डिंगवाले, म्हणजे साचे करणारे, भांडायला आले, कोअर हातात धरला की तुटतोय म्हणून. बघितलं तर ऑपरेटरनी मशीनचा भाजायचा टायमर कमी केलेला. बायका मागं लागल्या होत्या, "दे लवकर, दे लवकर." कोअर आतून कच्चा, वरून पक्का. आणि वर्षानुवर्षं एका डब्यात जेवणाऱ्या दोघीजणी दोन टोकांना तोंड फिरवून बसायला लागल्या. आमच्यातल्या सगळ्यात जुन्या आक्का त्या दिवशी कानस खाली ठेवून म्हणाल्या, "बाई, कोअर मोजताय का आम्हाला मोजताय?"

बोर्ड त्याच संध्याकाळी उतरवला. डबा अजून माझ्या कपाटात आहे, त्यात सेफ्टी पिना असतात.

आधी विचारा, पण कसं विचाराल?

बोर्डानंतर मी काय केलं? एक शंभर पानी वही आणली आणि प्रत्येकीसाठी दोन पानं सोडली. त्यात आकडे लिहायचे नाहीत. ती कशासाठी कामाला येते, तेवढंच लिहायचं.

सोपं वाटतं, पण विचारायचं कसं यातच अर्धं काम आहे. "तुमचं ध्येय काय?" असं विचारू नका. ध्येय म्हटलं की माणूस शाळेतल्या निबंधात शिरतो आणि तुम्हाला बरं वाटेल ते सांगतो. केबिनमध्ये बोलावून तर अजिबात विचारू नका. केबिनमध्ये बोलावणं म्हणजे काहीतरी चुकलं, हे प्रत्येकीला पाठ असतं. दहाच्या चहाला वाळूच्या पोत्यावर शेजारी बसा आणि विचारा, "पगार झाला की पहिल्यांदा कशाचे पैसे बाजूला काढता?" एवढंच. मग गप्प बसा. गप्प बसणं मला फार उशिरा जमलं. मी बोलकी बाई, समोरचीनं अर्धं वाक्य टाकलं की उरलेलं मीच पूर्ण करायची.

तीन पानं सांगते.

थोरल्या वहिनी, म्हणजे आम्ही सगळ्या त्यांना तसंच म्हणतो, त्यांनी पटकन सांगितलं, "पोरगीची नर्सिंगची फी. जूनमध्ये एक, डिसेंबरात एक." यात प्रेरणा बिरणा काय शोधायची? एप्रिल-मेमध्ये आणि दिवाळीनंतर जादा काम निघालं की पहिला निरोप त्यांना. जादा तासाला कायद्यानं दुप्पट दर आहे, तो त्यांना ज्या महिन्यात लागतो त्या महिन्यात मिळाला पाहिजे. आधी मी ओव्हरटाइम "समान वाटप" म्हणून फिरवत होते. कागदावर न्याय दिसायचा आणि ज्यांना नको त्यांच्या गळ्यात पडायचा.

एक ऑपरेटर पोरगा, त्याला सगळे पैलवान म्हणतात. सेकंड शिफ्टला त्याचं काम पहिल्या शिफ्टच्या निम्मं. आळशी म्हणून त्याची दोनदा तक्रार वर गेली होती. वाळूच्या पोत्यावर कळलं की संध्याकाळची तालीम बुडते म्हणून याचा जीव जागेवर नसतो. घरी जाऊन खुराक आणि मग आखाड्यात जोर-बैठका, हे त्याचं खरं काम, आमचं काम त्या खुराकाचा खर्च निघावा म्हणून. त्याला कायम पहिली शिफ्ट दिली. बदल्यात जड कोअर पेट्या बदलायचं काम त्यानं स्वतःहून घेतलं, जे बाकी चौघं एकमेकांवर ढकलायचे. तक्रार संपली. मी त्याला एक शब्दही "प्रेरणादायी" बोललेली नाही.

तिसरं पान सगळ्यात उशिरा भरलं. कोटिंगला एक मावशी आहेत, वय पन्नाशीकडं. चार दिवस टाळाटाळ. मग एकदा ट्रॉली ढकलताना मागं न बघता म्हणाल्या, "सही नीट यायला पायजे. बँकेत अंगठा द्यायला लाज वाटती."

आता याचा कोअर शॉपशी काय संबंध? मी तो लावला. प्रत्येक टेबलावर एक रिजेक्शनचा तक्ता असतो: किती तपासले, किती काढले, कशानं काढले. कोटिंगच्या टेबलाचा तक्ता शेजारची पोरगी भरायची. मी म्हटलं, आजपासून मावशी भरणार. पहिला आठवडा फक्त आकडे. आकडे त्यांना येत होते, भाजीच्या हिशोबानं. दुसऱ्या आठवड्यात "तुटका" हा एक शब्द. तो सरावाचा झाल्यावर "कच्चा". "च्च" काढताना त्या जीभ दातात धरायच्या आणि पेन असं दाबायच्या की खालच्या तीन पानांवर उमटायचं. नावाची सही यायला दिवाळी उजाडली. बँकेत गेल्या त्या दिवशी अर्धी सुट्टी मागितली आणि परत येताना सगळ्यांना वडा आणला. फायदा सांगायचा तर आज आमच्या शॉपमधला सगळ्यात खरा तक्ता कोटिंगचा असतो. बाकीच्या अंदाजानं पाचाच्या पटीत लिहितात, मावशी सतरा म्हणजे सतराच लिहितात.

वहीबद्दल एक सावधगिरी. एकदा वरच्या साहेबांनी ती मागितली, "बघू तरी कोणाच्या काय अडचणी आहेत." मी दिली नाही. तुम्हीही देऊ नका. विश्वासानं सांगितलेली फी किंवा कर्ज पगारवाढीच्या बैठकीत वापरलं गेलं, तर दुसऱ्या दिवशीपासून पोत्यावर कुणी बसणार नाही.

आकडा कुणाचा?

बोर्ड काढला म्हणजे आकडा सोडला असं नाही. "जमेल तेवढं चांगलं करा" हे सांगण्यासारखं निरुपयोगी वाक्य दुसरं नाही. एका ट्रेनिंगमध्ये सरांनी अमेरिकेतल्या ओक्लाहोमाची गोष्ट सांगितली होती, ती मला इतर सगळ्या स्लाइडपेक्षा जास्त लक्षात राहिली. तिथं जंगलातून लाकडाचे ओंडके नेणारे ट्रक होते. कायद्यानं जेवढं वजन चालतं त्याच्या साधारण ६० टक्केच ड्रायव्हर भरायचे. "जमेल तेवढं भरा" एवढंच त्यांना सांगितलेलं. लॅथम आणि बाल्डेस या दोघांनी त्यांना एक नेमका आकडा दिला, ९४ टक्के. बक्षीस नाही, दंड नाही. पहिल्या महिन्यात भरणी ८० टक्क्यांवर गेली. दुसऱ्या महिन्यात ७० वर घसरली. तिसऱ्यात ९० वर गेली आणि तिथंच टिकली. हा अभ्यास १९७५ साली छापून आला.

वर्गात हशा पिकला, कारण आमच्याकडं गळिताच्या हंगामात उसाच्या जोड ट्रॉल्या बघितल्या तर ९४ टक्क्यांवर थांबा असंच ध्येय द्यावं लागेल. पण माझं लक्ष दुसऱ्या महिन्यावर अडकलं. तो का घसरला? ड्रायव्हर मालकाला जोखत होते. आकडा चुकला तर हे आपल्यावर काही कारवाई करतात का, हे बघत होते. कुणी काही केलं नाही. मग ते मनापासून कामाला लागले.

आमच्याकडं मी तेच केलं. मोल्डिंगकडून परत येणारे कोअर शंभरात सात होते. आकडा ठेवला तीन. नावानं नाही, अख्ख्या शॉपचा मिळून. कारण कोअर चार हातांतून जातो, तुटला तर कुठल्या हातानं तुटला हे भांडणाशिवाय ठरत नाही. पहिल्या महिन्यात चारवर आलो. दुसऱ्यात परत सहा. माझ्या जिभेच्या टोकावर शिव्या आल्या होत्या, कोल्हापूरच्या, म्हणजे बऱ्यापैकी वजनदार. ओक्लाहोमा आठवून गिळल्या. फक्त रोज सकाळी परत आलेले कोअर टेबलावर मांडायचे आणि विचारायचं, "हा कशानं गेला असेल?" कुणी केला हे विचारायचं नाही. तिसऱ्या महिन्यात तीन आले. नवीन सुपरवायझर दुसऱ्या महिन्यात मार खातो, हे माझं ठाम मत आहे. पहिल्या महिन्याचं यश बघून तो घोषणा करून बसलेला असतो.

आपला कोअर पुढं कुठं जातो ते दाखवा

हे जमलं नाही तर बाकी सगळं वरवरचं.

आमच्या बायका वीस-वीस वर्षं कोअर घासतात, पण त्यातल्या कित्येकींनी ओतलेला भाग मशिन शॉपमध्ये उघडताना बघितलाच नव्हता. कोअर ट्रॉलीत गेला की त्यांच्यासाठी संपला. मी साहेबांकडं अर्धा तास मागितला आणि चौघींना घेऊन गेले. ट्रॅक्टरचं एक हाउसिंग, म्हणजे बाहेरचं कवच, मशीनवर होतं. बोअर, म्हणजे आतलं गोल भोक, मारत आणत टूल शेवटच्या फेरीला आलं. पांढरं पाणी वाहतंय, चिप्स पडतायत, पृष्ठभाग आरशासारखा निघतोय. आणि अचानक त्या आरशात हरभऱ्याएवढं काळं भोक दिसलं. ऑपरेटरनं मशीन थांबवलं, बोटानं चाचपलं आणि खडूनं त्यावर फुली मारली.

"हे काय?" आक्का म्हणाल्या.

"ब्लो होल. कोअर कच्चा होता तुमचा," तो म्हणाला. त्याला कुणाला दुखवायचं नव्हतं, त्यानं आपलं सरळ सांगितलं.

मग मी समजावलं. कोअर नीट भाजला नाही की आत राळ उरते. रस चौदाशे अंशांच्या आसपास ओततात, त्या उष्णतेनं राळेचा वायू होतो, त्याला बाहेर पडायला वाट मिळाली नाही की लोखंडात फुगा अडकतो. वरून काही दिसत नाही. वितळवणं, ओतणं, झटकणं, घासणं, शॉट मारणं, मशिनिंग, सगळ्यांची मजुरी त्यावर चढल्यावर शेवटच्या फेरीला फुगा उघडा पडतो. अख्खा भाग भंगारात.

परत येताना चौघी काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी थोरल्या वहिनींनी एक कोअर ऑपरेटरला परत दिला. "पिवळा आलाय. घे वाढवून टायमर." आजवर ऑपरेटरला काही बोलायचं त्यांचं धाडस नव्हतं. मी शंभर भाषणं दिली असती तरी ते वाक्य त्यांच्या तोंडातून निघालं नसतं.

राखून ठेवलेला डाव

कोल्हापुरात लहानपणापासून ऐकत आलोय, वस्ताद सगळे डाव शिकवतो पण एक राखून ठेवतो. शाहू महाराजांनी १९१२ साली खासबागचं कुस्तीचं मैदान बांधलं, त्या मातीत हे शहाणपण असेलही. कारखान्यात मात्र ते विष आहे. आमच्याकडं रंग बघून कोअर भाजला की नाही हे ओळखणारे दोघंच होते, एक जुने मिस्त्री आणि आक्का. दोघंही सांगायचे नाहीत. विचारलं की, "अनुभवानं कळतंय." खरं कारण वेगळं होतं. आपल्याला येतंय ते सगळ्यांना आलं तर आपली गरज काय?

त्या भीतीवर समजावणं चालत नाही. माणसाला नवी जागा द्यावी लागते. मी आक्कांना म्हटलं, तुम्ही कोअर घासायचं कमी करा, नवीन पोरींना शिकवायचं काम तुमचं. हजेरीच्या कागदावर त्यांच्या नावापुढं "प्रशिक्षण" लिहून घेतलं, वरच्या सहीनिशी. पगार तेवढाच राहिला, ते मला जमलं नाही, पण कागदावर शब्द बदलला. आठ दिवसांनी आक्कांनीच प्लायवूडचा एक तुकडा मागितला. त्यावर कोअरचे तुकडे चिकटवले. डावीकडं पिवळसर, कच्चा. मधे खरपूस, चुलीवरच्या भाकरीच्या पापुद्र्यासारखा. उजवीकडं गडद चॉकलेटी, जळका, बोटानं चुरा होणारा. प्रत्येकाखाली एक खिळा, त्या खिळ्यानं तुकड्यावर टिचकी मारायची. पक्का कोअर खणकन वाजतो, कच्चा भद्द. ते फळकूट मशीनशेजारी टांगलंय. आता नवीन पोरगी तिसऱ्या दिवशी रंग ओळखते, आणि आक्कांची गरज कमी झाली नाही, उलट कुठलाही वाद झाला की फळकूट घेऊन त्यांनाच बोलावतात.

पैसा

पैशाचं उगाच गोड बोलू नका. पगार दहा तारखेला होत नसेल तर वरचं सगळं विसरा. हर्झबर्ग नावाच्या अभ्यासकानं १९५९ साली मांडलं की पगार, नियम, साहेबाची वागणूक या गोष्टी वाईट असल्या की माणूस वैतागतो, पण त्या चांगल्या असल्या म्हणून तेवढ्यानं तो जीव ओतत नाही, त्याला कामातच काही मिळावं लागतं. पटतं. पण त्यानं पिट्सबर्गच्या इंजिनिअर आणि अकाउंटंट लोकांना विचारलं होतं. महिन्याच्या वीस तारखेला गॅसची टाकी संपलेल्या हेल्पर बाईला विचारलं असतं तर पगाराची जागा त्यानं जरा वर सरकवली असती, असं मला आपलं वाटतं.

साहेबांकडं पगारवाढ मागायला जाताना "माणसं नाराज आहेत" असं सांगू नका. रिजेक्शन सातवरून तीनवर आलं त्याचा कागद घेऊन जा. मी दोनदा रिकाम्या हातानं गेले, दोनदा चहा पिऊन परत आले. तिसऱ्यांदा कागद नेला.

इशारा पातळी

पावसाळ्यात आमच्या प्रत्येकीच्या तोंडी राजाराम बंधाऱ्यावरच्या नदीच्या पाण्याचा आकडा असतो. पंचगंगा ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका. ३९ झालं की आंबेवाडी-चिखलीकडची माणसं सामान वर टाकतात. ४३ ची वाट कुणी बघत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये हायवेच पाण्याखाली गेला, शिरोलीच्या बाजूला ट्रकच्या रांगा लागल्या, कामावर येणार कोण? तेव्हा ती वही कामाला आली. कुणाचं घर कुठल्या गल्लीत आणि घरात म्हातारं कोण, हे त्यात होतं. पाणी उतरल्यावर पहिल्या आठवड्यात मी उत्पादनाचा आकडा विचारलाच नाही. घर धुवायला कुणाला किती दिवस लागतील त्याप्रमाणे टेबलं लावली.

माणसाचीही इशारा पातळी असते आणि सुपरवायझरनं ती रोज वाचायची असते. डबा एकटीनं खायला लागली. टिकली लावायची विसरली. नेहमी चेष्टा करणारी "बरं बरं" म्हणायला लागली. पाच मिनिटं उशीर, सलग तीन दिवस. त्या वेळी विचारलं तर कारण कळतं. रजेचा अर्ज हातात आल्यावर विचारलं तर उशीर झालेला असतो. राजीनाम्यानंतर विचारणं तर निव्वळ औपचारिकता. दोन चांगल्या बायका मी अशा घालवल्यात, म्हणून लिहितेय.

आणि तुमचं स्वतःचं काय?

इतकी वर्षं सगळ्यांना विचारत फिरले, तर एकदा वहिनींनी उलटं विचारलं, "तुमचं पान कुठाय वहीत?"

नव्हतंच. पण हवं तर होतं. पाच वर्षं मी काम सुपरवायझरचं करत होते आणि कागदावर ऑपरेटर होते, कारण बारावी नव्हती. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. मुलगी आठवीत, नवरा म्हणायचा बस की परीक्षेला, आणि मी म्हणायचे वेळ कुठाय. त्या दिवशी शेवटच्या दोन पानांवर लिहिलं: बारावी, सतरा नंबरचा फॉर्म. म्हणजे कॉलेजला न जाता बाहेरून परीक्षा. वाचून दाखवलं सगळ्यांना.

सांगावं की लपवावं यावर लोक वेगवेगळं बोलतात. माझं म्हणणं, ज्यांच्याबरोबर रोज आठ तास आहात त्यांच्यापासून लपवू नका, कारण वेळ तुम्हाला त्यांच्याकडूनच मिळणार आहे. पण सांगताना ध्येय नुसतं सांगू नका, कधी आणि कुठं ते सांगा. माझं असं होतं: स्कूटर स्टँडला लावली की टाइम ऑफिसशेजारच्या कट्ट्यावर वीस मिनिटं. शिफ्ट सातची, मी सहा पस्तीसला कट्ट्यावर. "वेळ मिळेल तेव्हा अभ्यास" हे मी दोन महिने करून बघितलं होतं, वेळ एकदाही मिळाला नाही. जागा ठरल्यावर मिळाला.

इंग्रजीचे शब्द चिठ्ठ्यांवर लिहिले, एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला इंग्रजी. चहाला थोरल्या वहिनी मराठी बाजू माझ्याकडं धरायच्या, मी इंग्रजी सांगायचे. उलटी बाजू त्यांना वाचता येत नव्हती, पण माझा चेहरा वाचता येत होता. अडखळले की चिठ्ठी बाजूला काढून परत शेवटी लावायच्या.

रजेचा हिशोबही आधी करा. वीस दिवस कामामागं एक दिवस भरपगारी रजा जमते. त्या वर्षी जत्रा, हळदीकुंकू, लग्नं यांना फाटा देऊन मी रजा साठवल्या. अर्ज दीड महिना आधी दिला आणि सोबत कागद जोडला, मी नसताना कुठल्या दिवशी कोण बघणार. त्यासाठी पैलवानाला शिफ्ट चालवायला शिकवावं लागलं. मला वाटलं होतं माझ्या अभ्यासानं शॉपचं नुकसान होईल. झालं असं की मी नसताना शॉप चालतं हे साहेबांना कळलं, आणि पैलवानालाही.

२०१८ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये परीक्षा दिली. इंग्रजीत २९. पासाला ३५ लागतात.

निकाल लागला त्या दिवशी शॉपमध्ये जायला पाय उचलत नव्हते. चौदा जणींना सांगून बसले होते ना. आत गेले, सांगितलं. कुणी काही बोलेना. आक्कांनी कोअर घासता घासता मान वर न करता म्हटलं, "परत बसा की. आमचा कोअर रिजेक्ट झाला तर तुम्ही परत भरायलाच लावताय."

जुलैच्या पुरवणी परीक्षेत निघाले. कागदावर सुपरवायझर व्हायला त्यानंतरही आठ महिने गेले, ती वेगळी कहाणी आहे आणि तिच्यात माझा दोष नाही. एक गंमत सांगते, आम्ही कोल्हापूरच्या बायका बोलताना "मी जातो, मी करतो" म्हणतो. मराठीच्या पेपरला मी सवयीनं एका ठिकाणी तसंच लिहिलं. मार्क गेले असतील तर ते माझ्या गावासाठी गेले.

आता वहीतल्या माझ्या पानावर एक्सेल आहे. रिजेक्शनचा तक्ता संगणकावर घ्यायचाय. क्वालिटीतला एक पोरगा शिकवतो, माझ्या मुलीच्या वयाचा. फॉर्म्युले भराभर दाखवतो, पण एक कुठलं तरी बटन दाबताना स्क्रीन थोडी तिकडं वळवतो. मी आक्कांचं फळकूट त्याला एकदा दाखवून आणलंय. बघू.

आणि एक पान अजून कोरं आहे. पॅकिंगच्या एक काकू, चार वर्षं झाली, सांगतच नाहीत. पगारातलं पहिलं काय काढता विचारलं की हसतात. काम चोख, तक्रार नाही, कधी उशीर नाही. पाठपुरावा करत नाही मी, फक्त महिन्यातून एकदा पोत्यावर त्यांच्या शेजारी बसते. परवा बसले तर म्हणाल्या, "सांगतो, तेवढा चहा संपवा."

मी घाईनं घोट घेतला, जीभ भाजली, आणि तेवढ्यात भोंगा झाला.